एका धक्क्यात दोन इलेक्ट्रॉन

पगारपत्रके तपासण्यात आमची पुष्कळ वर्षे गेली. त्या कामाने आम्हांस एक खोड लावून ठेवली आहे. एकूण बेरीज जुळली तरी आमची नजर ‘किरकोळ’ या रकान्यावर जातेच. रक्कम लहान असते म्हणून तिकडे कोणी पाहत नाही; आणि कोणी पाहत नाही म्हणून खरी गोष्ट कधी कधी तेथेच दडलेली असते.

आज ज्या विषयाची ओळख करून द्यावयाची आहे तो पदार्थविज्ञानाचा आहे, आणि पदार्थविज्ञान आम्ही कोणत्याही महाविद्यालयात शिकलेलो नाही. वाचनालयातील पुस्तके आणि जाणत्या माणसांना विचारलेले प्रश्न, एवढीच आमची शाळा. तथापि या विषयाने आम्हांस ओढून घेतले ते त्याच जुन्या खोडीमुळे. अणूच्या हिशेबातही एक किरकोळीचा रकाना आहे, आणि त्यातील आकडे नीट वाचण्यासाठी शास्त्रज्ञांनी शंभर वर्षांहून अधिक काळ खर्च केला आहे. प्रश्न असा : अणूतील एका इलेक्ट्रॉनला धक्का दिला, तर तो त्या एकट्यालाच बसतो काय?

प्रथम अणूची रचना पाहू. मध्यभागी धनविद्युत् असलेले केंद्र आणि त्याच्या सभोवार ऋणविद्युत् असलेले इलेक्ट्रॉन, हे बहुतेकांस ठाऊक आहे. हे इलेक्ट्रॉन थराथरांनी राहतात. त्या थरांस कवचे म्हणतात. आर्गॉन हा वायू घ्या. आपण श्वासावाटे जी हवा घेतो तिच्यात शंभर भागांत जवळजवळ एक भाग आर्गॉनच असतो. त्याच्या अणूत अठरा इलेक्ट्रॉन आहेत : सर्वांत आतल्या कवचात दोन, मधल्यात आठ आणि बाहेरच्यात आठ. या कवचांना आतून बाहेर के, एल, एम अशी नावे आहेत. बार्कला या इंग्रज संशोधकाने ‘के’पासून आरंभ केला, कारण आणखी काही सापडल्यास आधीची अक्षरे मोकळी असावीत!

आता पायऱ्यांची एखादी बारव डोळ्यांपुढे आणावी. वरच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसास बाहेर येण्यास श्रम थोडे पडतात. तळाशी असलेल्यास पुष्कळ. अणूतही तसेच आहे. एका व्होल्टच्या दाबाखाली सरकताना एका इलेक्ट्रॉनला जेवढी ऊर्जा मिळते तिला एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणतात. विजेरीतील साधा सेल दीड व्होल्टचा असतो, यावरून हे माप किती लहान आहे याची कल्पना यावी. आर्गॉनचा सर्वांत बाहेरचा इलेक्ट्रॉन सोडविण्यास सुमारे १५.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. के कवचातला काढावयाचा तर सुमारे ३२०६ लागतात. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका कणात, म्हणजे फोटॉनात, दोन-तीन इलेक्ट्रॉन-व्होल्टच असतात. तेव्हा बारवेच्या तळाशी पोहोचावयाचे तर दिसणारा प्रकाश निरुपयोगी. तेथे क्ष-किरणच हवेत.

क्ष-किरणांचा शोध राँटगेन यांनी १८९५ च्या नोव्हेंबरात जर्मनीतील व्युर्त्सबुर्ग येथे लावला. त्यानंतर वीस वर्षांच्या आत हे किरण अणूच्या तळाची मोजपट्टी बनले. हे काम मुख्यतः मोस्ली या तरुण इंग्रजाचे. १९१३-१४ मध्ये त्याने एकामागून एक मूलद्रव्यांचे क्ष-किरण मोजले आणि दाखवून दिले की मूलद्रव्याचा खरा क्रम त्याच्या वजनाने नव्हे, तर केंद्रावरील विद्युद्भाराने ठरतो. आर्गॉनचा अणू पोटॅशियमच्या अणूपेक्षा किंचित जड असूनही यादीत आर्गॉन अठरावा व पोटॅशियम एकोणिसावा का, याचा उलगडा त्यामुळे झाला. हे दोन शेजारी लक्षात असू द्यावेत. पुढे त्यांची गाठ पडणार आहे. मोस्ली स्वतः १९१५ च्या ऑगस्टमध्ये गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला. त्या वेळी त्याचे वय सत्तावीस वर्षांचे होते.

मोस्लीच्या आकड्यांमागे जे चित्र होते त्यात प्रत्येक इलेक्ट्रॉन आपापल्या पायरीवर एकटा उभा आहे असे धरलेले होते. शेजाऱ्यांचा परिणाम सरासरीने धरला की पुरे, आणि फोटॉन आला की तो एकाच इलेक्ट्रॉनला हात घालणार. या हिशेबाने मोठ्या रकमा उत्तम जुळतात. पण १९१६ साली स्वीडनमध्ये सीगबान व स्टेन्स्ट्रॉम यांना ठळक क्ष-किरण रेषांच्या शेजारी काही फिकट रेषा आढळल्या. मुख्य रेषेपेक्षा त्यांची ऊर्जा किंचित अधिक होती. मोस्लीच्या चित्रात त्यांना जागाच नव्हती. १९२१ मध्ये व्हेंट्झेल यांनी सुचविले की या उपरेषा ज्या अणूतून निघतात त्यात एक नव्हे, दोन इलेक्ट्रॉन आपल्या जागेवरून हललेले असले पाहिजेत. एक जादा इलेक्ट्रॉन गेला की उरलेल्यांवरचा केंद्राचा आडपडदा थोडा दूर होतो, त्यांची पकड घट्ट होते आणि निघणाऱ्या किरणाची ऊर्जा वाढते.

ही सूचना म्हणजे अद्याप पुरावा नव्हे. पुराव्यासाठी अणू एकटा सापडला पाहिजे. लोखंडाच्या तुकड्यात प्रत्येक अणूला शेजारी असतात. आतून सुटलेला इलेक्ट्रॉन म्हणजे एक लाटच. ती शेजारच्या अणूंवर आपटून परतते आणि आलेखावर तरंग उठवते. त्या तरंगांत लहान खुणा हरवून जातात. येथेच निष्क्रिय वायूंचे महत्त्व आहे. इंग्रजीत त्यांना ‘उमराव’ वायू म्हणतात, कारण ते कोणाशी सहसा संबंध जोडीत नाहीत. हेलियम, निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन : यांचा प्रत्येक अणू सुटा हिंडतो. त्यांची बाहेरची कवचे भरलेली असल्याने गणितही त्यातल्या त्यात सोपे जाते. अशा वायूच्या आलेखावर काही उंचवटा दिसला, तर तो शेजाऱ्याचा म्हणता येत नाही. तो त्या अणूच्या स्वतःच्या घरातला.

प्रयोगाची रीत समजण्यास कठीण नाही. बंद नळीत आर्गॉन भरावयाचा, एका टोकाने ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण सोडावयाचे आणि दुसऱ्या टोकाला किती पोहोचले ते मोजावयाचे. मग ऊर्जा थोडी वाढवून पुन्हा मोजावयाचे. ३२०० इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत विशेष काही घडत नाही. ३२०३ च्या सुमारास एकदम एक शिखर दिसते : के कवचातला इलेक्ट्रॉन अणूबाहेर न जाता वरच्या एका रिकाम्या पायरीवर जाऊन बसला. ३२०६ ला तो साफ बाहेर पडू लागतो आणि वायू पूर्वीपेक्षा अनेक पटींनी अधिक किरण गिळतो. या उंच कड्याला शोषणसीमा म्हणतात. १९३९ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात पॅरॅट यांनी या कड्याचा फार बारीक आलेख काढला. कड्याच्या पुढे आलेख सावकाश उतरत जावा, असे जुने चित्र सांगते.

तो तसा जात नाही. १९६३ मध्ये श्नॉपर यांनी आर्गॉनच्या शोषणसीमेपुढील भाग काळजीपूर्वक तपासला, तेव्हा शिखरापासून सुमारे वीस इलेक्ट्रॉन-व्होल्ट वर लहानसे उंचवटे मिळाले. उंचीने ते मुख्य कड्याच्या मानाने अगदीच किरकोळ. यंत्राचा दोष म्हणून सोडून देता आले असते. परंतु त्या ‘वीस’ या आकड्यात सारे मर्म आहे.

तो हिशेब आपण मांडून पाहू. समजा, के कवचातला इलेक्ट्रॉन वर गेला आणि त्याच्याबरोबर बाहेरच्या कवचातलाही एक वरच्या पायरीवर गेला. साध्या आर्गॉनमध्ये बाहेरचा इलेक्ट्रॉन लगतच्या रिकाम्या पायरीवर चढविण्यास सुमारे बारा इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. म्हणजे दोघे एकमेकांची दखल न घेता गेले असते, तर उंचवटा शिखराच्या वर बाराच्या आसपास दिसावयास हवा होता. पण तो विसाच्या आसपास आहे. वरचे आठ कोठून आले?

येथे आपला शेजारी पोटॅशियम साक्षीला येतो. के कवचातले दोन इलेक्ट्रॉन केंद्राच्या अगदी जवळ असल्यामुळे बाहेरच्यांच्या दृष्टीने ते केंद्राचे दोन विद्युद्भार झाकून टाकतात. त्यातला एक निघाला की एक भार उघडा पडतो. बाहेरच्या इलेक्ट्रॉनांना अठरा भारांचे केंद्र एकोणीस भारांचे असल्यासारखे भासू लागते. त्यांच्यापुरता तो अणू जणू पोटॅशियमचा होतो. आणि पोटॅशियमच्या अणूत त्याच कवचातला इलेक्ट्रॉन वर चढविण्यास किती लागतात? सुमारे वीस. हिशेब जुळला. तळाची जागा रिकामी झाल्याची वर्दी बाहेरच्या इलेक्ट्रॉनला पोहोचलेली आहे, हे त्या आकड्यानेच सांगितले.

दुसरा इलेक्ट्रॉन मुळात हलतो तरी का? फोटॉनने तर त्याला हात लावलेला नाही. त्यासाठी काठोकाठ भरलेली घागर आठवावी. घागर सावकाश उचलली तर थेंबही सांडत नाही. हिसका बसला की सांडते. आतला इलेक्ट्रॉन वेगाने निघून गेला की बाहेरच्यांवरील ओढ एकाएकी बदलते. जुन्या ओढीस अनुरूप अशी त्यांची मांडणी असते. नव्या ओढीशी ती तंतोतंत जुळत नाही. न जुळणाऱ्या भागापायी कधी कधी एखादा वरच्या पायरीवर फेकला जातो, तर कधी पार बाहेर सांडतो. निऑनच्या के कवचातून जोरकस क्ष-किरणांनी इलेक्ट्रॉन काढला असता, साधारण पाचांमागे एका खेपेस आणखी एखादा इलेक्ट्रॉन जागेवरून हलतो, असे अमेरिकेतील ओक रिज येथे १९६० नंतरच्या दशकात केलेल्या मोजणीवरून दिसून आले. पाचांत एक! याला आता किरकोळ कोण म्हणेल?

मात्र घागरीचा दृष्टान्त एका ठिकाणी अपुरा पडतो, हे सांगितले पाहिजे. शोषणसीमेच्या अगदी जवळ आतला इलेक्ट्रॉन वेगाने जात नाही, तो रेंगाळतो. हिसका सौम्य असतो, आणि जाणारा व राहणारा यांच्यात परस्परांचा ढकलाढकलीचा व्यवहार चालतो. तेव्हा दोघांचा मिळून एकच हिशेब मांडावा लागतो. तेथे सरासरीचे गणित चालत नाही, आणि म्हणूनच आकडेमोड करणाऱ्यांना हा भाग अवघड जातो.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण हेलियमचे. त्यात इलेक्ट्रॉन दोनच, आणि दोन्ही सर्वांत आतल्या कवचात. त्याच १९६३ साली वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय मानक संस्थेत मॅडन व कॉडलिंग यांनी हेलियम, निऑन व आर्गॉन यांच्यावर नव्या तऱ्हेचा प्रकाश सोडला. वर्तुळात फिरविलेले वेगवान इलेक्ट्रॉन वळताना जो प्रकाश टाकतात तो. हेलियममध्ये त्यांना सुमारे ६०.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टवर एक रेषा मिळाली. हेलियमचा एक इलेक्ट्रॉन सोडविण्यास २४.६ पुरतात, दोन्ही काढण्यास ७९ लागतात. साठाला थांबलेली ही अवस्था म्हणजे दोन्ही इलेक्ट्रॉन वर चढलेले, पण दोन्ही अद्याप घरातच. अशी अवस्था टिकत नाही. एक खाली येतो आणि त्याची सुटलेली ऊर्जा घेऊन दुसरा बाहेर पडतो.

त्या रेषेचा आकारही विलक्षण होता. एका बाजूस उंच, दुसऱ्या बाजूस खोल, अशी ती वाकडी दिसे. याचे कारण इटालियन शास्त्रज्ञ फानो यांनी आधीच सांगून ठेवले होते, प्रथम १९३५ मध्ये आणि सविस्तर १९६१ मध्ये. इलेक्ट्रॉन बाहेर पडण्यास दोन वाटा असतात : एक सरळ, दुसरी त्या दुहेरी अवस्थेतून. दोन्ही वाटांनी आलेल्या लाटा एका बाजूस एकमेकींना बळ देतात आणि दुसऱ्या बाजूस एकमेकींना मारतात. फानो यांना १९३९ मध्ये वंशद्वेषाच्या कायद्यांमुळे इटली सोडावी लागली. त्यांच्या नावाने ती वाकडी रेषा आज जगभर ओळखली जाते.

आता पुन्हा आर्गॉनकडे. शोषणाच्या आलेखावरचे उंचवटे आणि १९१६ च्या जातीच्या उपरेषा, या दोन्हींचे मूळ एकच, हे कसे ठरवावे? सोपी कसोटी आहे. क्ष-किरणांची ऊर्जा हळूहळू वाढवावी आणि उपरेषा केव्हा उमटते ते पाहावे. दोन इलेक्ट्रॉन हलविण्याइतकी ऊर्जा नसेल तर ती उमटताच कामा नये. देस्लॅट व त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्गॉनवर नेमके हे काम करून १९८३ मध्ये प्रसिद्ध केले. उंबरठ्याखाली उपरेषा नाही, उंबरठा ओलांडल्यावर आहे. व्हेंट्झेल यांच्या सूचनेला बासष्ट वर्षांनी इतकी थेट साक्ष मिळाली.

हे सारे किती वेळात घडते? आर्गॉनच्या के कवचातील रिकामी जागा सुमारे एक फेम्टोसेकंद टिकते. एका सेकंदाचे दहा लाख भाग करावेत, त्यातल्या एका भागाचे पुन्हा शंभर कोटी भाग करावेत. त्यातला एक भाग म्हणजे फेम्टोसेकंद. एवढ्या अवधीत प्रकाशदेखील केसाच्या जाडीचा शंभरावा हिस्सा ओलांडीत नाही. वरचा कोणी ती जागा भरतो आणि त्याची सुटलेली ऊर्जा दहांपैकी साधारण नऊ वेळा क्ष-किरणाच्या रूपाने न निघता दुसऱ्याच इलेक्ट्रॉनला बाहेर ढकलते. १९२० नंतरच्या काळात हे लिझे माइटनर व पिअर ओझे यांनी स्वतंत्रपणे ओळखले. नाव मात्र ओझे यांचे राहिले. म्हणजे धक्का बसतानाही जोडी आणि सावरतानाही जोडी.

कोणी म्हणेल, एवढ्याशा उंचवट्यासाठी एवढी यातायात कशाला? याला दोन उत्तरे आहेत. पहिले व्यवहाराचे. क्ष-किरण शोषणाच्या आलेखावरील तरंग मोजून अणूअणूंतील अंतरे काढण्याची रीत आज सर्वत्र वापरात आहे. रसायनाच्या कारखान्यातील उत्प्रेरक असो, प्रथिनातील लोखंडाचा अणू असो, वा पाण्यात विरघळलेला धातू असो, त्याच्याभोवती कोण, किती अंतरावर आहे हे त्या तरंगांवरून समजते. आमच्या देशातही इंदूर येथील राजा रामण्णा केंद्रात ‘इंडस-२’ या वर्तुळयंत्राच्या प्रकाशावर असे काम चालते. दोन इलेक्ट्रॉनांच्या उडीची पायरी तरंग म्हणून मोजली गेली तर अंतर चुकते. ती चूक काढण्यासाठी सुट्या अणूचा आलेख आधी माहीत असावा लागतो, आणि तो निष्क्रिय वायूच देऊ शकतात. बिनशेजाऱ्याच्या अणूची पुरती ओळख पटली, तरच शेजाऱ्यांत राहणाऱ्याची मोजदाद बिनचूक होते.

दुसरे उत्तर अधिक मूलगामी. फोटॉन एका वेळी एकाच इलेक्ट्रॉनला हात घालतो. इलेक्ट्रॉन खरोखर एकमेकांपासून अलिप्त असते, तर एका फोटॉनने दोन हलणे शक्यच नव्हते. तेव्हा आलेखावरचा मोठा कडा आपणांस एकेकट्या इलेक्ट्रॉनची पायरी सांगतो. ते परस्परांशी कसे बांधलेले आहेत हे मात्र तो लहान उंचवटाच सांगतो. कोणत्याही नव्या गणिताची कसोटी आज तेथेच लागते. मोठी रक्कम तर जुन्या हिशेबानेही जुळत होती.

हे काम थांबलेले नाही. २००९ साली कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड येथे क्ष-किरणांचा लेसर सुरू झाला. त्याच्या एकाच झोताने निऑनच्या अणूतील दहाच्या दहा इलेक्ट्रॉन एकामागून एक काढता येतात, असे २०१० मध्ये जाहीर झाले. त्याच प्रयोगांत आणखी एक गोष्ट आढळली. झोत पुरेसा आखूड असेल तर के कवचातील दोन्ही इलेक्ट्रॉन निघून जातात, ती जागा भरण्यापूर्वीच पुढचे फोटॉन येतात, आणि गिळणारा कोणी आत नसल्यामुळे ते आरपार जातात. आतून पोकळ झालेला अणू क्ष-किरणांना पारदर्शक होतो! श्नॉपर यांच्या काळी जे उंचवट्याच्या रूपाने कष्टाने दिसत होते, त्याचा हा मोठा भाऊ म्हणावयास हरकत नाही.

आमचा धंदा माहीत असलेल्यांना वाटेल की आता हा गृहस्थ एकीचे बळ सांगून भाषण संपवणार. तो मोह आम्ही आवरतो. इलेक्ट्रॉनांनी काही संघटना केलेली नाही. तेथे विजेची ओढ आणि ढकल आहे, निष्ठा नाही. माणसांचे प्रश्न माणसांनीच सोडवावयाचे आहेत, अणूला त्यात साक्षीदार म्हणून ओढणे बरे नव्हे. आम्ही यातून घेतो ती एवढीच गोष्ट : पॅरॅट, श्नॉपर, देस्लॅट या माणसांपुढे एक आलेख होता, त्याचा मोठा भाग समजलेला होता, आणि उरलेला भाग ‘किरकोळ’ म्हणून पुसून टाकण्यास कोणीही त्यांस दोष दिला नसता. त्यांनी तो पुसला नाही. तो पुन्हा मोजला. पुढच्या खेपेस कोणी आपणांस बेरीज जुळल्याचे सांगू लागला, की शेवटचा रकाना अवश्य मागून घ्यावा.